पिवळा रविवार

तिचं डोकं पाण्याखाली गेलं की इकडे माझा श्वास अडकतो. माझी लेक दोन बसथांबे सोडून राहते, वय एकोणचाळीस, तिला स्वतःची सात वर्षांची मुलगी आहे. तरी दर मंगळवारी आणि शुक्रवारी पहाटे पाचला ती तलावात उतरते आणि इथे अंथरुणात मी कूस बदलत राहते. मी स्वतः आजवर घोट्याच्या वर पाण्यात गेलेले नाही.

लेक दात बनवते. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडाचे साचे येतात, त्यावरून ही मेणाचे दात कोरते, मग कवळी तयार होते. दिवसभर दिव्याखाली मान घालून बसायचं. चार वर्षांपूर्वी पाठ धरली, तेव्हा डॉक्टरांनी पोहायला सांगितलं. सायकल आणि धावणं त्यांनी लिहून दिलं नव्हतं, ते हिनं मनानं वाढवलं. आता तिला पोहायचंय जवळजवळ चार किलोमीटर, मग सायकल एकशे ऐंशी आणि त्यानंतर बेचाळीस किलोमीटर धावणं. सगळं एकाच दिवसात. आमचे हे म्हणतात, "आपण तेवढं गाडीनं गेलो तरी मधे एक मुक्काम करू."

तिच्या लॅबमध्ये तिला इंजिन म्हणतात. दुपारी डबा खाऊन ती प्लॅस्टरच्या पोत्यावर डोकं टेकून पंचवीस मिनिटं झोपते, आणि गजर न लावता उठते. उठली की पुन्हा मेण, सुरी, ज्योत. कुणी घाई केली तर म्हणते, "दाताला घाई कळत नाही हो." मला वाटतं, लांब पल्ल्याचा हा नाद तिला त्या टेबलावरच लागला असावा.

घरादाराला मात्र ती कधी वाऱ्यावर सोडत नाही. गेल्या वर्षी आम्ही सगळे डोंगरातल्या विश्रामगृहात गेलो, तर ही सायकलवर आणि आम्ही गाडीत. जावई गाडी चालवत होते, आणि ह्यांना दर अर्ध्या तासाला चहा लागतो. पोहोचलो तेव्हा लेक अंघोळ करून व्हरांड्यात बसलेली. "काय बाबा, रस्ता चुकलात का?" तिथला तलाव इतका लहान की चार हात मारले की भिंत. हिनं तीनशे फेऱ्या मारल्या. व्यवस्थापक काठावर येऊन घाबऱ्या आवाजात जावयांना म्हणाला, "साहेब, मॅडमची काही तक्रार आहे का?"

त्याआधी एका छोट्या शर्यतीला मी गेले होते. सरोवरात चारशे माणसं, सगळ्यांच्या डोक्यावर एकसारख्या नारिंगी टोप्या. मी त्या टोप्या मोजत उभी. दरवेळी एखादी कमी भरायची, की पुन्हा पहिल्यापासून मोजायची. शेवटी ती बाहेर येताना दिसली, मी धावत जाऊन टॉवेल गुंडाळला आणि रडायलाच लागले. ती बाई म्हणाली, "थँक्यू मावशी, पण मला अजून सायकल चालवायचीय." माझी लेक केव्हाच पुढे निघून गेली होती. त्या दिवशी मी कानाला खडा लावला, पुन्हा काठावर उभी राहणार नाही म्हणून.

आता खरं सांगायचं ते सांगते.

लेकीच्या स्वयंपाकघरात वर्षभराचा एक मोठा कागद चिकटवलेला आहे. दर दिवसाला एक चौकोन. निळा रंग पोहण्याचा, हिरवा सायकलचा, लाल धावण्याचा आणि पिवळा घरच्यांचा, म्हणजे सहल, शाळा, आमचे वाढदिवस. ज्याचा रंग आधी, त्याचा दिवस. नियम तिचाच, आणि तो ती स्वतःलाही लावते. एकदा तिची सायकलवारी ठरली होती, पण नातीनं आधीच पिवळं करून ठेवलं होतं. त्या दिवशी ही निमूटपणे चिमुरडीबरोबर चित्रं काढत बसली.

दोन महिन्यांपूर्वी मी नातीला सांभाळायला गेले होते. कागदावर एका रविवारी बारीक पेन्सिलीनं लिहिलेलं दिसलं, 'मोठी शर्यत?' आणि खाली सरोवराचं नाव. रंग भरलेला नव्हता. तिचं नक्की होत नव्हतं बहुतेक. मी डब्यातला पिवळा खडू काढला आणि शुक्रवार ते मंगळवार पाच चौकोन रंगवून टाकले. मग ह्यांच्या मागे लागून समुद्राकाठचा एक बंगला ठरवला. लेकीनं संध्याकाळी बघितलं, त्या रविवारावर बोट टेकवलं आणि म्हणाली, "अरे वा, समुद्र! मजा येईल." मी म्हटलं, "तारखा जुळल्या बघ."

काल दुपारी पुन्हा तिथे होते. नात स्टुलावर चढून कागदाला नाक लावून म्हणाली, "आजी, इथे आईची शर्यत होती. तू पिवळं केलंस ना, म्हणून आईनं खोडून टाकलं. पण दिसतंय बघ." खरंच दिसत होतं. पेन्सिल दाबून लिहिलेली होती.

"तू वाचलं नव्हतंस?"

"नाही गं," मी म्हटलं. सात वर्षांच्या पोरीला तोंडावर खोटं सांगितलं.

जावई घड्याळं दुरुस्त करतात, बोलणं मोजकंच. ताटं पुसता पुसता म्हणाले, "आई, उद्या संध्याकाळी शर्यतीची नावनोंदणी बंद होईल, मग ही सुटेल एकदाची. रोज रात्री फोनवर ते पान उघडते आणि मिटते."

"मग भर म्हणावं नाव."

"म्हटलं मी. ती म्हणते, नियम मीच केलाय ना. शिवाय आईनं पहिल्यांदा हौसेनं काही ठरवलंय."

हौसेनं! घरी आल्या आल्या मी बंगलेवाल्याला फोन लावला. आपल्या तारखांच्या पुढचा आठवडा रिकामा आहे, खुशाल या म्हणाला. मग ह्यांना सगळं सांगितलं आणि एक शक्कल काढली. "अहो, बंगलेवाल्यानंच तारखा बदलल्या असं सांगते तिला. काम होतं आणि कुणाला लागतही नाही."

हे पेपरातून वर न बघता म्हणाले, "एक रंग फासलास तेवढा पुरे. आता दुसरा नको."

"ती काय म्हणेल?"

"चिडेल. चिडली की सायकल काढेल. तेवढाच सराव."

हे झोपले. मी हे लिहीत बसले. लिहिताना कळलं, की मला भीती पाण्याची आहे, आणि शर्यत अडवूनही ती तसूभर कमी झालेली नाही. लेक आजही पोहायला जाणारच आहे, आज शुक्रवार. नोंदणी आज संध्याकाळी बंद होते, आणि एकदा ती कामाला बसली की फोन पिशवीत असतो. साडेचारला तिचा गजर वाजतो. पावणेपाचला ती ओट्यापाशी उभी राहून केळं खाते, समोर तोच कागद.

तेव्हाच फोन करायचा. आधी सांगायचं, की मी वाचलं होतं, वाचूनच रंगवलं. ती बोलेल ते ऐकून घ्यायचं. मग म्हणायचं, सहल आठवडाभर पुढे गेली, तू नाव घाल, आम्ही सगळे सरोवरावर येतो. आणि टोपी कुठल्या रंगाची असेल ते आधी विचारून ठेवायचं.

चार वाजून चाळीस मिनिटं झाली. चष्मा पुसून नंबर काढते.