आत्याचा चहा

टीपॉयवर आत्याचा चहा निवत होता, त्यावर साय धरायला लागली होती. मागच्या महिन्यात तिला अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून तिचे शब्द अडतात. कपाकडे बघत ती म्हणत होती, "च... च..."

लहानपणी मी अशीच अडायचे. आई डॉक्टरांचं नाव काढायची तेव्हा आत्याच म्हणायची, "डॉक्टर कशाला? वयानं सुटतं. आमच्या बाळूचं नाही का सुटलं?"

बाळूचं सुटलं, हे खरं. काही मुलांचं सुटतं. माझं सुटलं नाही, आणि सुटेल म्हणून वाट बघण्यात सगळी शाळा गेली. लाडू वाटताना आत्या माझा लाडू उंच धरायची. "आधी नीट माग, मग देते."

दुसऱ्याच्या मुलाचं असलं की माणसांना केवढा धीर असतो. आत्यासाठी मात्र स्पीच थेरपिस्ट पहिल्याच आठवड्यापासून घरी यायला लागली.

बाळूची बायको आतून म्हणाली, "ताई, कप द्या ना त्यांना."

मी कप उचलला आणि माझ्याच हातात धरून ठेवला.

"घ... घ... घाई नको, आत्या," मी म्हणाले. "सुटेल आपोआप."