चहा कशापायी अडला

धाकट्या जावेच्या भाकरीला टम्म पापुडा येतो. सासूबाई तिला नावानं हाक मारतात आणि मला ‘अगं ए’. हे सगळं मी पचवलं होतं. पण सर्व्हरचं काम माझं होतं, त्यात वाटेकरी नको होती.

वालूरला आमच्या घराच्या माडीवर बसून मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम करते. सर्व्हर कोसळला की त्या क्षणाची त्याची मेमरी जशीच्या तशी एका फाइलमध्ये उतरते, तिला क्रॅश डंप म्हणतात. कोणती प्रोसेस, म्हणजे सर्व्हरवरचं कोणतं काम, तेव्हा काय करत होती, ते त्यात दिसतं. कुणी चालू असते, कुणी झोपलेली, तर कुणी कशाची तरी, जसं एका वेळी एकीलाच मिळणाऱ्या लॉकची, वाट बघत अशी अडकलेली असते की मारायला गेलं तरी हलत नाही. धाकटीला या नोकरीत मीच चिकटवलं. घरात चांगलं म्हणवून घ्यायची हौस, दुसरं काय! हे सगळं शिकवलंही मीच.

शिकवताना मी आमच्या घरातली सकाळ सांगितली होती. चहा अडलाय दुधापायी. दूध अडलंय, कारण भावजी म्हशीला पाणी पाजल्याशिवाय धार काढत नाहीत. पाणी अडलंय मोटारीपायी आणि मोटार लाईटीपायी. सगळे जागच्या जागी थांबलेले. चालू असतात त्या फक्त सासूबाई, ‘च्या कुठंय गं?’ करत अंगणभर फिरणाऱ्या.

“मग दोष कुणाचा?” मी विचारलं.

धाकटी खिदळली. “लाईटीचा, आक्का. पण बोलणी तुमी खायलाव!”

परवा कंपनीत डंप तपासणाऱ्या टीमसाठी एक जागा निघाली. एकच. आम्हा दोघींना एकच डंप दिला आणि दुपारच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये उत्तर सांगायला लावलं. मला ती जागा हवी होती. तिला ती मिळू नये, असं त्याहून जास्त वाटत होतं.

माडीवर आम्ही समोरासमोर बसतो. ती हनुवटीला हात लावून नुसती बघत होती. हिला काहीच जमेना की हिचं झालंसुद्धा? माझं निम्मं लक्ष माझ्या स्क्रीनवर, निम्मं तिच्या तोंडावर. तेवढ्यात मला एक प्रोसेस चालू सापडली, सगळा प्रोसेसर एकटीनं खात बसलेली. मिळाला चोर! मीटिंगमध्ये कंपनीतल्या सरांनी विचारायच्या आत मी सांगून मोकळी झाले.

मग धाकटी बोलली. “सर, ती निगराणीची प्रोसेस आहे. काम झालं का, एवढंच ती सारखं विचारतेय. मी अडकलेल्यांकडं बघितलं. सगळ्या एकाच लॉकसाठी थांबल्यात. ते लॉक जिच्याकडं आहे, ती स्वतः डिस्कच्या उत्तराची वाट बघतेय. आणि डिस्कनं उत्तरच दिलेलं नाही.”

सर म्हणाले, “बरोबर. चालू होती तिला सोडून इकडं कशा वळलात?”

तिनं आमची सकाळ सांगितली. म्हैस, मोटार, लाईट, अंगणात फिरणाऱ्या सासूबाई, सगळं. सर पोट धरून हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आता ही माझा दाखला स्वतःच्या नावावर खपवणार, म्हणून मी दात आवळून वाट बघत होते. खपव बाई, एकदाचा खपव!

“हे मला आमच्या आक्कांनी शिकवलं, सर,” ती म्हणाली. माझ्याकडं बघून हसलीसुद्धा.

सरांनी तिथल्या तिथं जागा तिला दिली.

तिनं माझं नाव गिळलं असतं, तर मला जन्मभर पुरेल एवढा राग मिळाला असता. तेवढाही तिनं माझ्याकडं ठेवला नाही.