राउटरवरची अंडी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोला तर नाहीच. त्या उन्हाळ्यात सासूबाईंच्या हातात रोज सकाळी मी जी कोमट अंडी ठेवत होतो, ती आमच्या कोंबड्यांची नव्हती. ती नल्लकुंट्याच्या बाजारातली होती, आणि त्यांच्यातली ऊब आमच्या वाय-फायच्या राउटरची होती.

सांगून टाकलं. आता बैजवार सांगतो.

मी मूळचा पुण्याचा. नोकरीनं हैदराबादला आणलं, लग्नानं विद्यानगरला. सासरे गेल्यावर आम्ही भाड्याचा फ्लॅट सोडून सासूबाईंच्या घरी राहायला आलो. आमच्या मते त्यांना सोबत म्हणून. त्यांच्या मते मी घरजावई झालो, आणि हे त्या गल्लीतल्या भाजीवालीलाही तेलुगूतून समजावून सांगत.

घरामागे परस आहे. फार मोठा नाही, पण लिंबाचं एक झाड, शेवगा, कढीपत्त्याची दाटी, भिंतीला लागून अंबाडीचा पट्टा आणि कोपऱ्यात कोंबड्यांचं खुराडं, एवढं त्यात मावतं. कोंबड्या काळ्या पायांच्या, अंगावर राखी ठिपके असलेल्या. सासूबाईंचं माहेर उदगीरकडचं, शेतकऱ्याचं घर. लग्नानंतर पहिल्या पंचमीला त्या माहेराहून कोंबडा-कोंबडीची जोडी टोपलीत घालून हैदराबादला घेऊन आल्या होत्या. तोच वंश अजून परसात उकरत होता. तिकडे मात्र भावाच्या मुलानं ब्रॉयलरची शेड टाकली आणि जुन्या कोंबड्या वाटून टाकल्या. "त्या घरातलं चालतं-बोलतं आता एवढंच उरलंय बा," असं त्या म्हणत. एरवी चेष्टेशिवाय न बोलणाऱ्या सासूबाई हे वाक्य सरळ चेहऱ्यानं बोलत.

कोंबडा एकच होता. तांबडा, तुऱ्याचा, पहाटे बोंब मारणारा. तो माहेरचा, म्हणून सासूबाईंच्या हिशेबी त्यांचा भाऊ, म्हणून माझा मामेसासरा. "उठा जावईबापू, मामेसासरे कवाचे उठून बसलेत. पुण्यात दुपारी उजाडतं काय?" अशी माझी सकाळ होई.

त्या वर्षी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि कोंबड्या माझ्याकडे आल्या. बायको सकाळीच बँकेत जाते, मी घरून काम करतो, म्हणजे घरात रिकामा मीच, असं माय-लेकींचं ठरलं.

"कणी टाका, पाणी ठेवा, अंडी उचला. हौ म्हणा. एवढं तर पुण्याच्या माणसालाबी जमतं," सासूबाई पलंगावरून म्हणाल्या.

मी हौ म्हणालो. आणि पहिल्याच रविवारी खुराडं स्वच्छ केलं. नुसतं झाडलं नाही, फिनेल घालून धुतलं. मला फार समाधान वाटलं. खुराड्याला इस्पितळासारखा वास येत होता.

दुसऱ्या दिवशी अंडं नाही. तिसऱ्या दिवशी नाही. कोंबड्या मजेत फिरत होत्या, कणी खात होत्या, माझ्याकडे एका डोळ्यानं बघत होत्या, पण अंडं नाही. आणि रोज सकाळी खोलीतून हाक: "किती?"

"आज नाहीत," एवढंच म्हणायचं होतं. पण मी त्या घरात बारा वर्षं ऐकत आलो होतो, की पुण्याच्या माणसाला दोडक्याचा वेल आणि कारल्याचा वेल यांतला फरक कळत नाही. (कळत नाही, हे खरं आहे.) तेव्हा संध्याकाळी फिरायला म्हणून बाहेर पडलो आणि नल्लकुंट्याच्या बाजारातून गावरान म्हणून मिळणारी फिकट तपकिरी अंडी घेऊन आलो.

सासूबाईंच्या डोळ्यांत मधोमध धुकं आहे. पडद्याचा आजार, ऑपरेशननं न जाणारा. त्या हातानं बघतात. म्हणून अंडं हाताला पटेल असं करावं लागलं. दुकानातलं अंडं गुळगुळीत लागतं, त्याला थोडी माती आणि एखादं पीस चिकटवलं. आणि ते गार होतं. नुकतं घातलेलं अंडं गार कसं असेल? मी रात्री अंडी राउटरवर ठेवली. सकाळी छान कोमट.

सासूबाईंनी अंडं तळहातावर तोललं, गालाला लावलं. "अरे वा. तुमच्या हाताला गुण आला म्हणायचा."

बारा वर्षांतलं हे पहिलं कौतुक. ते मिळाल्यावर मी थांबलो असतो तर हा लेख लिहावा लागला नसता.

"फिरायला जाताना पिशवी कशाला लागते तुला?" बायकोनं एकदा विचारलं.

"असावी हाताशी."

"आणि राउटरवर पीस कुठनं आलं?"

"वाऱ्यानं," मी म्हणालो. पंखा बंद होता. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग बहुधा बँकेतल्या दिवसभराच्या कटकटीपुढे हा विषय तिला क्षुल्लक वाटला.

सासूबाई काठी घेऊन चालायला लागल्या आणि त्याच सुमारास ठिपक्यांची एक कोंबडी खुडूक झाली, म्हणजे उबवणीला आली. रिकाम्या टोपलीत बसून राही, जवळ गेलं की फुलून गुरगुरे. सासूबाईंचा चेहरा उजळला. कोंबडा म्हातारा होत चालला होता. त्याच्यामागे त्याच्या रक्ताचा एक तरी नर राहावा, एवढी एकच गोष्ट त्या महिनाभर बोलत होत्या.

"मामेसासऱ्यांचा वारस येऊ द्या घरात. तुमची अंडी ठेवू आपण. मोठी मोठी निवडून."

माझी अंडी. दुकानातली, कोंबड्याचं तोंडही न पाहिलेल्या कोंबड्यांची. त्यांतून पिल्लू निघणं शक्य नाही, एवढं मलाही माहीत होतं. तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "आई, बाजारातून चांगली बघून आणू का?"

"बाजारातली? त्यांत माझं माहेर आहे काय?"

त्यांनी विषम संख्येत अंडी मोजली, कारण जोडीनं ठेवली तर पिल्लं निघत नाहीत. टोपलीत तूस पसरलं, तुसात लोखंडी खिळा आणि कोळशाचा तुकडा ठेवला, म्हणजे ढगांच्या गडगडाटानं अंडी बिघडत नाहीत. सगळं हातानं, चाचपून. कोंबडी अंडी पंखांखाली ओढून बसली. इतकी सुखात दिसत होती, की मला तिच्याकडे बघवेना.

आठवड्यानं त्यांनी मला कोठीच्या खोलीत बोलावलं. दार लावून अंधार केला.

"तुमच्या मोबाईलची बत्ती लावा. अंड्याच्या बुडाला धरा. माझं बघणं आता संपलं, तुम्ही बघा. आत लाल शिरा दिसतात का? कोळ्याच्या जाळ्यावानी."

मी एक अंडं धरलं. आत नितळ पिवळा उजेड. दुसरं धरलं, तसंच. एकाही अंड्यात शीर नव्हती. सासूबाई काठीवर दोन्ही हात ठेवून माझ्या आवाजाकडे कान लावून उभ्या होत्या.

"दिसतात?"

"दिसतात," मी म्हणालो.

"किती अंड्यांत?"

"सगळ्यांत."

खोटं बोलायचंच होतं तर एखादं अंडं तरी वांझ ठेवायचं, तेवढीही अक्कल नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "सगळ्यांत! माझ्या आईच्या हातूनबी कधी झालं नाही असं." आणि माझ्या दंडावर हळूच चापट मारली.

मी 'दिसत नाहीत' म्हणालो असतो तर त्यांनी ती अंडी काढून कोंबडीला उठवलं असतं. दोन-चार दिवस मला टोमणे मारले असते आणि विषय संपला असता.

कोंबडी पुढे दोन आठवडे तशीच बसून राहिली. वाळली बिचारी. दिवस भरल्यावर सासूबाई प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन खुराड्यापाशी बसल्या. एकेक अंडं कानाला लावत होत्या. आतून चोच मारल्याचा आवाज येतो म्हणे.

"ऐका बरं तुम्ही. मला ऐकू येईना."

"मलाही येत नाही, आई." बऱ्याच दिवसांत मी त्यांच्याशी बोललेलं हे पहिलं खरं वाक्य.

आणखी दोन दिवस त्यांनी वाट पाहिली. मग अंड्यांना वास यायला लागला. फोडून बघायला नको म्हणून मीच घाईनं ती लिंबाच्या बुडाशी पुरली. सासूबाई म्हणाल्या, "सगळ्यांत शिरा होत्या. म्हणजे इतकी पिल्लं आतल्या आत गेली." मग थोड्या वेळानं, "बीज धरतंय, पण तगत नाही. म्हातारा झाला माझा भाऊ. आणि माझा हातबी गेला आता."

शेजारच्या अपार्टमेंटमधले लोक कोंबड्याच्या पहाटेच्या आरवण्याबद्दल कुरकुरत होतेच. इतके दिवस सासूबाई त्यांना पुरून उरल्या होत्या. त्या आठवड्यात त्यांनी कोंबडा दूधवाल्याला देऊन टाकला. त्याचं घाटकेसरच्या पुढे मोकळं रान आहे. टोपलीवर फडकं बांधताना त्यांनी मला बोलावलं, "या, पाया पडून घ्या. मामेसासरे चालले." मी हसलो. काय करणार?

आणि आता जे सांगायचं आहे ते मला सगळ्यात जड जातं. पंधरा-वीस दिवसांनी बायकोनं गोंगुऱ्याच्या लोणच्यासाठी अंबाडी कापायला सांगितली. मी कोयता घेऊन भिंतीकडच्या दाटीत शिरलो. तिथे, अगदी मुळाशी, पानांच्या खोलगटात अंड्यांचा ढीग होता. आमची अंडी. कोंबड्यांनी अंडी घालणं थांबवलंच नव्हतं. फिनेलच्या वासाला कंटाळून त्यांनी फक्त जागा बदलली होती. पहिल्या दिवशी मी "आज नाहीत" म्हणालो असतो, तर सासूबाई पडल्या पडल्या म्हणाल्या असत्या, "मग अंबाडीत बघा की." माहेरची ताजी अंडी, मामेसासऱ्यांची, उन्हात सडत पडली होती आणि मी नल्लकुंट्याहून पिशवी भरून आणत होतो. तीही मी लिंबाखालीच पुरली.

त्याच संध्याकाळी दूधवाल्याला गाठून कोंबडा परत मागितला.

"उनो तो बोनालू में अम्मा को चढ गया, साब," तो म्हणाला. "बडा नसीबवाला मुर्गा था." बोनालू म्हणजे इथला आषाढातला देवीचा सण, त्यात कोंबड्याचा बळी देतात.

घरी येऊन सासूबाईंना तेवढं सांगितलं. त्या म्हणाल्या, "देवीच्या पायाशी गेला, बरं झालं. सुतक पाळा जावईबापू, दाढी करू नका उद्या." मी खरंच केली नाही. त्यांना दिसलं नसतं, तरी.

त्यानंतर त्यांनी कोंबडी बसवली नाही. कोंबड्या तीन उरल्यात, पुन्हा खुराड्यातच अंडी घालतात, मी फिनेलची बाटली घरातून हद्दपार केली आहे. लिंबाला मात्र त्या वर्षापासून असा काही बहर येतो, की सगळ्या गल्लीत वाटूनही संपत नाही. "काय घातलं हो बुडाशी?" असं सासूबाई दर वर्षी विचारतात आणि लोणच्याची पहिली फोड माझ्या ताटात वाढतात.

हे मी मराठीत लिहितोय त्यात थोडा भित्रेपणा आहे. बायको तेलुगू शाळेत शिकली, मराठी अक्षर लावून लावून वाचते, दुसऱ्या परिच्छेदाला जांभई देते. सासूबाईंना डोळ्यांमुळे वाचता येत नाही. घरात मराठी वाचणारा मी एकटा. पण त्याच कारणानं दर रविवारी दुपारी घरी येणारा या साप्ताहिकाचा अंक मी सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवतो, आणि त्या एक पान गाळू देत नाहीत. "मधलं काय खाल्लं? पान उलटल्याचा आवाज दोनदा आला," असं पकडतात. तेव्हा हा अंक येईल तो रविवार मला आत्तापासून दिसतो आहे.

उदगीरकडून सासूबाईंचा ब्रॉयलरवाला भाचा सांगतो, की ओढ्यापलीकडच्या एका घरात त्या जुन्या जातीचे काळ्या पायांचे कोंबडे अजून आहेत. मी अजून गेलेलो नाही. कशाला जातोस, असं घरात विचारतील आणि उत्तर द्यावं लागेल.

सासूबाईंचं मी एवढं देणं लागतो: त्यांच्या माहेरचा एक कोंबडा, आणि कोठीच्या खोलीत न बोललेले दोन शब्द, 'दिसत नाहीत'.