पुठ्ठ्याच्या डुकराचे वाटे

फजितीच ऐकायची असेल तर आधी चहा ओता. ही आठवली की मला आजही नुसतं बसून राहावंसं वाटतं.

वडील रेल्वेत, म्हणून मी शिकले लाहोरला. तिथं कॉलेजात आम्हा मुलींना छऱ्याच्या बंदुकीनं नेमबाजी शिकवत. मुरबाडला परतून नेमबाजीचा वर्ग काढला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर काय होतं? आदिवासी पाड्यावरची पोरं एका ओळीत पालथी पडली आहेत, श्वास रोखून नेम धरताहेत, मी शिट्टी फुंकते आहे आणि देश जागा होतो आहे. प्रत्यक्षात काय होतं? दोन जुन्या बंदुका, अकरा पोरं, आणि पुठ्ठ्यावरच्या काळ्या वर्तुळाकडे बघून त्यांनी दिलेल्या जांभया.

"बाई, यो काय हाय?" चिमीनं विचारलं. तेरा वर्षांची, गलोलीनं उडता होला पाडणारी पोर.

"लक्ष्य. मधल्या ठिपक्यात मारायचं."

"का? त्यानं काय केलाय?"

यावर लाहोरला काही शिकवलं नव्हतं.

त्यात वर्ग भरायचा गायरानात, आणि गायरानाची परवानगी मामलेदारांच्या हातात. ते म्हणाले, "शनिवारी येतो. दहा छऱ्यांतले सहा बरोबर मधोमध बसलेला पुठ्ठा दाखवा, वर्षभर गायरान तुमचं. नाहीतर वर्ग बंद."

मग मला कल्पना सुचली. इथंच मी माती खाल्ली. वर्तुळ पुसून मी त्या पुठ्ठ्यावर गेरू आणि काजळीनं रानडुक्कर काढलं. चांगलं सुळेबिळे दाखवून. पोटावर एक गोल. पोरं ताडकन उठून बसली. मला तर भरूनच आलं. म्हटलं, "शनिवारी हे डुक्कर मारायचं. घरी सगळ्यांना सांगा."

सगळ्यांना सांगितलं त्यांनी.

शनिवारी अख्खा पाडा लोटला. बाया, म्हातारे, कुत्री. प्रत्येकीच्या काखेत टोपली. पुढे धाकू आजा, पाड्याच्या शिकारीचा म्होरक्या, कोयता परजून. मी मनात म्हटलं, हीच ती लोकजागृती.

मामलेदार घोड्यावरून उतरले. "बाई, या टोपल्या कशाला?"

"लाकडाफाट्याला निघाल्या असतील," मी म्हणाले. काय सांगायचं तुम्हाला, मला खरंच तसं वाटलं होतं.

चिमी पालथी पडली. पहिलाच छर्रा गोलाच्या मध्यात. मामलेदार चक्क "वा" म्हणाले. आणि चिमीनं बंदूक खाली ठेवली.

"अगं, अजून नऊ आहेत."

"कशाला? मेला ना त्यो."

"मेला तरी मार."

"मेल्याला कोन मारतंय, बाई?" तिनं असं पाहिलं, जणू मी प्रेताला लाथ घालायला सांगत होते. मी दुसऱ्या पोराला बोलावलं, तिसऱ्याला बोलावलं. सगळ्यांनी हात मागे घेतले.

मी समजावत होते तोवर धाकू आजा डुकरापाशी पोचलासुद्धा. धावत गेले, तर कोयत्यानं मुंडकं वेगळं झालेलं.

"आजा, पुठ्ठा आहे तो!"

"दिसतंय की, बाय. आमी काय आंधळं हाव? पन डुक्कर मारायचा बोलून तू पाडा बोलावलास. आता वाटं चुकवलं तर रान पुन्हा जनावर दावनार नाय." आणि दोन्ही हातांनी त्यानं ते मुंडकं मला दिलं. "बंदूक तुझी, डोका तुझा."

मागची तंगडी एरवी रान उठवणाऱ्या हाकाऱ्यांना. पोट, भोकासकट, चिमीला, कारण मार तिचा. उरलेल्याचे चौकोन टोपल्याटोपल्यांत. कुत्र्यांनासुद्धा शेपटीचा तुकडा. त्यांनी तो हुंगला आणि माझ्याकडे पाहिलं. मग आजानं पुढच्या तंगडीचा फरा मामलेदारांपुढे धरला.

"मी? मी तर नुसता आलोय."

"वाटसरूलाबी वाटा असतो, सायेब. रीत हाय."

घरात लसूणसुद्धा न चालणारा तो माणूस. दोन बोटांत डुकराचा फरा धरून घोड्यावर चढला. वरून म्हणाला, "उद्या दुपारपर्यंत दहा भोकांचा एक अख्खा पुठ्ठा कचेरीत आणा. अख्खा. नाहीतर बंदुका बांधा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेवटचा पुठ्ठा मांडीवर घेऊन बसले. वर्तुळ काढावं तर पोरं मारत नाहीत. जनावर काढावं तर एका छऱ्यात मरतं आणि वाटलं जातं. चिमी समोर उकिडवी बसली होती.

"तुमच्यात कोणीच खात नाही असं काय आहे गं?" मी विचारलं. "साळिंदर?"

"खातान."

"घोरपड?"

"लई खातान."

"उंदीर?"

"भातशेतातला असला तर ग्वाड लागतो."

मी कपाळाला हात लावला. चिमीनं माझ्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं.

"बाई, तुमालाच काढा ना."

"मला?"

"तुमाला कोन खातंय? आन तुमी काय एका छऱ्यात गप बसनाऱ्या नाय."

मी पुठ्ठा सरळ केला. मग काजळी कालवली आणि पुठ्ठ्याच्या मधोमध माझं नाक काढायला घेतलं. जरा मोठंच काढलं. सहा छर्रे बसायला हवे होते.