डाळमिलची मोटर आणि मंगळवारची पूजा

तिसऱ्यांदा तोच फॉल्ट कोड दिसला, तेव्हा माझा स्वतःच्या वहीवरचा विश्वास डळमळला. जळगावच्या एका डाळमिलमध्ये मी देखभाल सांभाळतो. मोटर चालवणारा ड्राइव्ह थांबला की पडद्यावरचा कोड वाचायचा, वहीतली कारणे एकेक तपासून खूण करायची, ही माझी पद्धत. हा कोड सांगत होता, वीज कुठेतरी जमिनीत उतरते आहे. केबल बदलली, ड्राइव्हच्या जोडण्या पाहिल्या, अर्थिंग तपासले. दुपार झाली की मोजमाप आपोआप ठीक येई आणि मोटर चालू होई. शेवटी मी लिहून दिले, ऑपरेटर रफीकभाई साफसफाईत पाणी उडवतात. शेठजी म्हणाले, "पुन्हा बंद पडली तर रफीकला घरी पाठवू." रफीकभाई एवढेच म्हणाले, "साहेब, मी फडक्याने पुसतो. एवढी जपून तर आंघोळही करत नाही."

पुढच्या मंगळवारी सकाळी नेहमीप्रमाणे मी मोटरची पूजा केली. कुंकू लावले, तिच्याच पाठीवर नारळ फोडून पाणी शिंपडले. पुटपुटलो, देवा, या माणसाच्या पोटावर माझ्या हातून पाय येऊ देऊ नकोस. बटण दाबले. मोटर सुरू होताच थांबली. तोच कोड.

नशिराबादहून तूर भरडायला आलेल्या एक म्हाताऱ्या अक्का पोत्यावर बसून हे पाहत होत्या. म्हणाल्या, "भाऊ, देवाले पाज ना पानी! मोटरले काहाले पाजतो?"

सगळे हसले. मी वही उघडली. आधीच्या तिन्ही तारखा मंगळवारच्याच. वीज तोडून मोटरच्या पाठीवरची, तारा जोडलेली पेटी उघडली. पूजेच्या जागी खोट असेल असे मला वाटलेच नव्हते. झाकणाचे रबर तडकले होते, आत नारळाचे पाणी आणि जुना चिकट थर.

पुसले, वाळवले, रबर बदलले. मोटर फिरू लागली. शेठजींसमोर सांगितले, "पाणी रफीकभाईंचे नव्हते, माझे होते." रफीकभाई हसले, "तुमचं लवकर ऐकलं, साहेब. माझा अर्ज रोज पाच वेळा जात होता." अक्कांना वाकून नमस्कार केला, तर म्हणाल्या, "आधी माही तूर लाव."

मी दुसऱ्यासाठी मागितले आणि उत्तरात माझीच चूक हाती आली. शरण जायचे तर आपलीही तपासणी होऊ द्यावी लागते, हे मला उशिरा कळले. संध्याकाळी रफीकभाई डबा उचलून निघाले, दारातून म्हणाले, "उद्या येतो." त्या दोन शब्दांपुढे मी हात जोडले.