नणंदबाईंच्या घरचा अंधार

माझ्या मोठ्या नणंदबाईंपासून ज्याचं दुखणं लपून राहिलं, त्याने दर्यापूर तालुक्यात कधी पाऊलच ठेवलेलं नसणार. अमरावतीची जीप भरेपर्यंत कुणाला पित्त, कुणाचा मणका सरकलेला, हे त्यांनी काढून घेतलेलं असतं. पुतणीच्या लग्नात भर पंगतीत त्यांनी नव्या व्याह्यांना विचारलं, "मूळव्याध कशी हाय आता?" व्याह्यांनी हातातली जिलेबी पानात ठेवली. यात दुष्टावा मुळीच नाही. दुसऱ्याचं दुखणं ऐकलं की त्यांचीच झोप उडते आणि सकाळी काढ्याचा डबा घेऊन त्या दारात हजर होतात.

अशा या बाईने स्वतःचं दुखणं मात्र वर्षानुवर्षं गिळलं. मलम आणायच्या तेही सुनेच्या नावावर. "तिच्या मानेले गजकर्ण झालं," असं दुकानात सांगायच्या. गावातल्या बायका त्या बिचारीची मान न्याहाळत बसत. शेवटी एका दुपारी तुरीच्या शेंगा सोलताना, नजर शेंगेवरच ठेवून त्या मला म्हणाल्या, "खाली लय खाजते माय. कातडी फाटते, रक्त येते. इतके वर्स झाले, यायच्यापासून दूर झोपून राहिली मी. त्यायले वाटते, मी रागावली." 'यायच्या' म्हणजे आमच्या भाऊजींच्या, रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका अबोल माणसाच्या. मला फार वाईट वाटलं, आणि इतकी वर्षं लपवल्याचा थोडा रागही आला.

अमरावतीत ओळखीची माणसं फार, म्हणून अकोला गाठलं. तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी सांगितलं की हा संसर्ग नाही, अस्वच्छताही नाही. आतल्या सुजेनं कातडी पांढरी आणि पातळ होत जाते. कॅन्सरची शंका नको म्हणून तुकडा तपासायला पाठवला. अहवाल येईपर्यंत नणंदबाईंनी जीपमध्ये कुणाला काही विचारलं नाही. अहवाल चांगला आला, पण मलमांनी पुरेसा उतार पडेना. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी प्रकाशाचा उपचार सुचवला. आधी त्या जागी क्रीम लावून काही तास थांबायचं, मग त्यावर लाल उजेड सोडायचा. "पूर्ण बरं होईल असं म्हणत नाही, आराम पडावा," असं त्या स्पष्टच बोलल्या. उजेड सुरू झाल्यावर आग अशी झाली, की नणंदबाईंनी माझा हात आवळून माझ्या दोन बांगड्या वाढवल्या.

निघताना नर्सने बजावलं, दोन दिवस त्या जागेला प्रखर उजेड लागू देऊ नका. नणंदबाईंनी घरी येऊन सगळ्या खिडक्यांवर घोंगड्या टांगल्या आणि दिवे बंद केले. भाऊजी चाचपडत चहाचा कप शोधू लागले. मी डॉक्टरीणबाईंना फोन केला, तर त्या हसून म्हणाल्या, "अहो, नऊवारी नेसतात ना त्या? मग घोंगडी कशाला?"

दुसऱ्या दिवशी हा निरोप सांगायला मी गेले तेव्हा खिडक्या उघड्या होत्या. भाऊजी शेतात गेले होते.

"रात्री यायनं इचारलं, काहून अंधार केला, मायावर राग हाय का?" नणंदबाई सांगू लागल्या. "तोंड दिसत नव्हतं म्हून सांगता आलं माय. सारं सांगतलं. मंग म्हणे, मले वाटे, मीच नकोसा झालो तुले."

आता त्यांची खाज बरीच कमी आहे, तपासणीला मात्र जात राहावं लागतं. हे सांगितलं त्या दिवशी त्या पदराच्या टोकाशी चाळा करत पुटपुटल्या, "हे मंधातले गेलेले वर्स कुठून आणू आता?" मी त्यांच्याजवळ सरकून बसले.