वळशाची वाट

"पुढे मी," असं म्हणून काठी टेकवल्याशिवाय मेजरसाहेब कुठेच निघत नसत. बाजाराला निघाले तरी तेच. बर्फात गस्त नेताना पहिलं पाऊल अधिकाऱ्याचं, ती सवय. अशाच एका गस्तीत जखमी जवानाला पाठीवर घेऊन ते कडा उतरले, म्हणून शौर्यपदक मिळालं. वाडीला त्याचं फार कौतुक. त्यांना नव्हतं.

कारण त्याच हिवाळ्यात इथे चुलतभावाने दोन्ही घरांच्या रस्त्याकडे जाणाऱ्या वाटेवर गडगा घातला. जांभ्या दगडाची भिंतच ती, डोक्याइतकी उंच, फाटकाला कुलूप. साहेबांच्या आईला डोलीतून दवाखान्यात न्यायची वेळ आली तेव्हा किल्ली खिशात ठेवून तो म्हणाला, "जागा माझी आहे, सिस्टर." मी उपकेंद्रातली नर्स, डोलीबरोबर होते. चढ चढून सड्यावरच्या, वरच्या उघड्या माळावरच्या, कातळातून वळसा घेतला. रस्ता दिसेपर्यंत म्हातारी गेली.

निवृत्त होऊन आल्यावर साहेबांनी मला ती वाट चालायला नेलं. कुठे काय झालं, सगळं विचारून घेतलं. मग जमिनीची सरकारी मोजणी आणली. जागा त्यांचीच निघाली. आता गडगा पाडतील, असं तुम्हालाही वाटलं असतं. त्यांनी फाटक काढलं आणि तिथेही दगड रचले.

"आता दोघेही वळशाने."

दोन वर्षांनी चुलतभाऊ आंब्यावरून पडला. पाय मोडला. मी कामट्या बांधल्या.

"भाऊजी, चार दगड काढा हो," त्याची बायको म्हणाली.

"दगड राहू देत. पुढे मी." साहेबांनी त्याला पाठीवर घेतलं.

पहिल्या चढावर थांबले. "इथे आईने पाणी मागितलं. तुला हवंय?"

"नको रे दादा."

"पी."

कातळ संपता संपता पुन्हा थांबले. "इथे तिने तुझं नाव घेतलं. म्हणाली, परत न्या, तो उघडेल."

तो पाठीवर रडत होता. हे सगळं मीच साहेबांना सांगितलेलं. चार दगड काढा, असं मीही म्हटलं नाही. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं.

पाय जुळला, थोडा आखूड. माफी त्याने मागितली नाही, साहेबांनी दिली नाही.

यंदा साहेब गेले. गडग्याला हात लावायचा नाही, असं लिहून ठेवलं होतं. भावकीत खांद्याला तो एकच. बायका स्मशानात जात नाहीत, पण मी सड्यापर्यंत गेले. चढावर कुणी खांदा बदलायला आलं, तर त्याने नुसती मान हलवली. आईने पाणी मागितलं त्या जागी तो आपणहून थांबला. मग लंगडत निघाला.

पुढे तो होता.